हौसाकाकू पायाला बसली

शहापूर
१८ नोव्हेंबर २०२४

रंजे,

तुमच्या खोऱ्यात टॉवर कधी येणार देव जाणे, तोवर मला पोस्टाची पायरी चढावी लागतेय. तिकीट मागितलं तर तिथल्या माणसाने चष्मा वर करून विचारलं, ‘हाताने लिहिलंय?’ जसं काही मी चोरी केली.

बरं, बातमी ऐक. आमच्या ‘नवउभारी’ संस्थेत योगिनी मॅडमनी एक कोर्स मंजूर करून आणलाय आणि तो खास तुमच्या मोहटेपसाठी आहे. शिवण नाही, मेणबत्त्या नाहीत, पापड तर नाहीतच नाहीत. गवंडीकाम! दरडीत तुमची घरं गेली, दोन पावसाळे तुम्ही पत्र्याच्या शेडीत काढलेत. मॅडम म्हणतात, ज्यांची घरं गेली त्या बायकांनाच घर बांधायला शिकवू. मुरबाडहून संदेश मिस्त्री रोज येतील. जागेचीही सोय झाली आहे. तुमच्या शेडींच्या वरच्या अंगाला रस्त्यालगत माळ आहे ना, तोच. नुसतं फळ्यावर शिकवायचं नाही, शिकता शिकता एक अख्खं घर उभं करायचं.

रंजे, मी मॅडमना शब्द देऊन बसलेय की मोहटेपच्या बायका मी जमवते. माझी नोकरी अजून कच्चीच आहे, दर सहा महिन्यांनी जीव टांगणीला. हे जमलं तर पक्की होईल. तुझं तिथे सगळ्या ऐकतात, तेव्हा तूच पुढे हो.

मावशीला नमस्कार. हौसाकाकू कशी आहे? मे महिन्यात तुमच्याकडे यायचे तेव्हा दिवसभर तिच्याच चुलीपाशी असायचे. तिला माझी आठवण सांग.

तुझी
कुणालीताई


मोहटेप
२६ नोव्हेंबर २०२४

कुणालीताई,

तुझं पत्र चंदरच्या जीपने आलं. त्या मेल्याने ते अख्ख्या जीपला फिरवून दाखवलं आणि रंजीचं लगीन ठरलं म्हणून उठवून दिलं. आई तर मुलगा काय करतो इचारायला धावत आली. पत्र मावसबहिणीचं आहे हे पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले.

गवंडीकामाचं सांगितलं तवा आधी बाया हसल्या. मग पुरुष हसले. अनिताचा नवरा बोलला, ‘बाया भिंत बांधणार? आणि त्या भितीखाली झोपायचं कोनी?’ अनिताने त्याच्याकडं बघून सांगितलं, ‘तुमी बांधलेल्या कुठं ऱ्हायल्या?’ मग एकेकीने नाव दिलं.

हौसाकाकूचं काय सांगू. महिपतकाका मातीखाली गेला तवापासून ती बोलतच नाय. शेडीत राहाते, पण पाऊस पत्र्यावर वाजायला लागला का उठून बसते, उजाडेपर्यंत तशीच. तिला वाटतं डोंगर परत आला. आमी तिला किती समजावलं, पण कान कसे समजावणार? तिला भिंतींचं घर पायजे ताई, पुढच्या पावसाच्या आत. मला दुसरं काय नको.

तुझं पत्र वाचून दाखवलं तवा ती कितीतरी दिवसांनी आपणहून बोलली. बोलली, ‘पयलं घर कोनाचं?’ सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी बोलले ताईला इचारते. तर सांग, पयलं घर कोनाचं?

तुझी
रंजी


शहापूर
५ डिसेंबर २०२४

रंजे,

शाब्बास ग माझी वाघीण! मॅडमनी तुमची नावं वाचून टाळी दिली मला.

पहिलं घर कोणाचं हे आत्ताच नको काढूस. आधी हात बसू देत, मग पुढचं पुढे. सगळं एकदम कोण ठरवतं का?

पंधरा तारखेला पायाभरणी आहे. मॅडम येतील, देणगीदार येतील, कॅमेरावाला येईल. माझ्या डोक्यात एक कल्पना आली आणि मॅडमना ती फारच आवडली. पूजेला हौसाकाकूला बसव. जिचं सगळं गेलं तिच्या हातून पाया, बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आल्याशिवाय राहणार नाही. तिच्यासाठी साडी मी घेऊन येते, हिरवी घेऊ की जांभळी? विधवा म्हणून कोणी कुरकुर केली तर माझं नाव सांग.

तुझी
कुणालीताई


मोहटेप
१८ डिसेंबर २०२४

ताई,

तू मॅडमच्या गाडीतून घाईघाईत गेलीस, धड बोलणंसुदिक झालं नाय. तुला मागचं काय ठाऊक नाय म्हणून लिहिते.

काकूने पायात दगड ठेवला तो तू बघितलास. मॅडमनी तो फोटो परत परत काढायला लावला. तो कसला दगड होता सांगू? तिच्या जुन्या चुलीचा. चिखल उपसला तवा तिला तेवढा एकच सापडला होता, दोन वर्षं शेडीत उशाशी घेऊन झोपायची. आपल्यात जुन्या चुलीचा दगड नव्या घराच्या पायात जातो, मग ते घर आपलं. आणि पायाला जी बसते तीच त्या घराची घरधनीण. दुसऱ्या बाईला कोणी बसवतच नाय, सख्ख्या जावेला नाय बसवत. तू काकूचं नाव सांगितलंस तवाच आमी समजलो. तुला तोंडाने सांगायचं नव्हतं, बाकीच्या रुसल्या असत्या. पण कोणी रुसलं नाय गो! त्या दिवशी सांजच्याला सगळे जमले आणि पुरुषांनीच बोलून टाकलं, पयलं घर हौसाचं, यात वाद नाय.

काकू रडली. महिपतकाका गेला तवा रडली नव्हती, ती त्या दिवशी रडली. मी पण रडले आणि आई बोलली, पुरे झाला आता तुमचा पाऊस.

ताई, तू शहापूरची झालीस तरी आपली रीत विसरली नाय. तुझे उपकार कसे फेडू?

तुझी
रंजी


मोहटेप
२० जानेवारी २०२५

ताई,

तुझं उत्तर नाय आलं. कामात असशील.

आमचं जोतं झालं, भिंती छातीला आल्या. संदेश मिस्त्री कडक माणूस आहे, पण शिकवतो मनापासून. पयल्या आठवड्यात माझी भिंत पोट सुटल्यासारखी पुढं आली तर लाथ मारून पाडली त्याने. मी दिवसभर जेवले नाय. आता मिस्त्री ओळंबा लावतो आणि मान हलवून पुढं जातो, बोलत काय नाय, पण मान हलवतो! अनिता थापीने विटेवर टकटक करते आणि नवऱ्याकडं बघते. तो आता आमाला घमेली उचलून देतो.

बाया रोजंदारी सोडून येतात. भेंडीच्या मळ्यावर हाका आल्या तरी गेल्या नाय. काकूचं घर पावसाच्या आत पायजे म्हणून. काकू स्वतः भिंतींना पाणी मारते, सकाळ संध्याकाळ. विहिरीवरून हंडे आणते, आमी हात लावला तर ओरडते. माज्या घराच्या भिती, मला पाजू दे, बोलते.

एक इचारायचं होतं. घर लय मोठं निघालं ताई. दोन दोन मोऱ्या, आत संडास, सिद्धगडाच्या बाजूला भिंतभर खिडकी. म्हाताऱ्या बाईला एवढी खिडकी कशाला? त्या डोंगराकडं तर ती पाठ करून बसते. मिस्त्रीला इचारलं तर बोलला, नकाशा आलाय तसं बांधायचं. तू मॅडमना सांगून खिडकी दुसऱ्या अंगाला घे ना.

तुझी
रंजी


शहापूर
९ फेब्रुवारी २०२५

रंजे,

उशीर झाला, राग मानू नको. रिपोर्ट, मीटिंगा, नाकात दम आलाय.

खिडकीचं मॅडमना सांगणं माझ्या हातात नाही ग. कोर्समध्ये सगळ्या प्रकारचं काम शिकायला मिळावं म्हणून नकाशा मोठा घेतलाय. छोट्या खोलीवर शिकलात तर बाहेर तुम्हाला काम कोण देईल? तू शिकण्याकडे लक्ष दे. बाकी कशाला डोकं शिणवतेस?

पुढच्या आठवड्यात मुंबईहून दोघी जणी तुमची मुलाखत घ्यायला येतील. तूच बोल, तुझं बोलणं ठसक्याचं आहे. घराबद्दल विचारलं तर ‘आमचं घर आमी बांधतोय’ एवढंच म्हण, ते छान वाटतं. काकूचं घर वगैरे फोड करत बसू नको. त्यांना कळणार नाही, गोंधळ होईल.

तुझी
कुणालीताई


मोहटेप
१४ एप्रिल २०२५

ताई,

मुलाखतीत तू सांगितलंस तेच बोलले. मागनं दोन पत्रं टाकली, उत्तर नाय. चंदर रोज बोलतो, आज पण नाय आलं.

स्लॅब टाकून झाला. प्लास्टर पण झालं. परवा पांढरी गाडी आली. एक शेठ उतरला, धनेश नाव, पायाभरणीला पुढच्या खुर्चीत बसला होता तोच देणगीदार. घरभर फिरला, भिंतीवर हात फिरवला आणि मिस्त्रीला लादीचा रंग सांगून गेला. काकूने त्याला पाणी दिलं. घरी आलेला माणूस, बोलली.

ताई, देणगी देणारा माणूस लादीचा रंग का सांगतो? मला नीट झोप येत नाय. दोन ओळी लिही, एवढंच सांग का घर काकूचंच आहे.

रंजी


मोहटेप
१३ मे २०२५

ताई,

अजून ताई लिहिते, हाताला सवय आहे म्हणून.

परवा तू सगळ्यांच्या देखत जे केलंस ते तुला परत लिहून दाखवते, कारण तू माझ्याकडं एकदा पण वर मान करून बघितलं नायस.

मांडव आमी बांधला. तुमच्या संस्थेची पाटी आमी लावली. सर्टिफिकेट मिळणार आणि काकू घरात जाणार, दोन्ही एकदम, म्हणून सगळ्या नटून आल्या होत्या. काकू तू दिलेली साडी नेसून पहाटेपासून तयार. गाठोड्यात दोन भांडी, काकाचा फोटो आणि पसाभर तांदूळ. मग गाडी आली. शेठची बायको हातात कलश घेऊन उतरली आणि आमी बांधलेला उंबरा ओलांडून आत गेली. पाठोपाठ काकू गाठोडं घेऊन निघाली. तवा तू पुढं झालीस. तिच्या दंडाला धरलंस, हसत हसत, आणि बोललीस, ‘काकू, तुम्ही मागे बसा हं, आज शेठच्या घरची वास्तुशांत आहे.’

तुम्ही! लहानपणापासून तिला अगं तुगं करणारी तू, तुला त्या दिवशी तुम्ही सुचलं.

मग शेठ माईकवर बोलला का या भगिनींनी माझं फार्महाऊस बांधलं, मला अभिमान वाटतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू माझ्या हातात तो कागद दिलास आणि हळूच बोललीस, ‘हस, फोटो आहे.’ आणि मी हसले. तू सांगितलंस आणि मी हसले! त्याची मला एवढी लाज वाटते का अनिताच्या समोर उभं राहवत नाय.

काकू मागच्या खुर्चीत बसून होती, गाठोडं मांडीवर. कोणीतरी तिला आईस्क्रीम दिलं, ते तिच्या हातातच पाघळलं.

हे तुला कधीपासून ठाऊक होतं, एवढं सांग.

रंजिता


शहापूर
२४ मे २०२५

रंजिता,

तुझं पत्र वाचून चार दिवस मी कोणाशी बोलले नाही. तू मला गुन्हेगार ठरवून मोकळी झालीस. माझी बाजू ऐकायची आहे का?

घर काकूचं असं मी कधी म्हटलं? माझी पत्रं काढून बघ. पायाला बसणारी घरधनीण हे तुम्ही ठरवलंत. मी पूजेला बस म्हटलं, एवढंच. विटा, सिमेंट, लोखंड कुठून येणार होतं? कोर्सच्या मंजुरीत मिस्त्रीचा पगार आणि तुमचं जेवण, बाकी काही नव्हतं. धनेश शेठना त्यांच्या माळावर घर बांधायचं होतं, तुम्हाला सराव हवा होता. कोणाचं नुकसान झालं? मलासुद्धा हे सगळं नीट उशिराच कळलं. कळल्यावर तुला सांगितलं असतं तर तुम्ही काम अर्धं टाकून निघून गेला असतात. मग कोर्स गेला, मॅडमचं नाव गेलं, माझी नोकरी गेली. तुला काय, तू रागावून मोकळी. मला इथे आईला सांभाळायचं आहे.

आणि तुम्ही शिकलात की नाही? मुंबईच्या त्या दोघींनी छापलंय, तुझा थापी घेतलेला फोटो आहे. भातसानगरला कॉलनीतल्या खोल्यांची डागडुजी निघाली आहे, ठेकेदाराला बायका चालतील. मी तुझं नाव दिलंय. हे माझ्यामुळेच ना?

हौसाकाकूचं मला वाईट वाटतंय, खरंच वाटतंय. त्यासाठीच शेठशी बोलले. शेठ शनिवार-रविवारच येणार, एरवी घराची झाडलोट करायला त्यांना बाई हवी आहे. काकूला ठेवायला तयार आहेत. पावसात तिला भिंतींच्या आत बसता येईल. तुला तेच हवं होतं ना?

आई म्हणाली, तिच्या चुलीचा दगड तेवढा काढून दे. आता कसा काढणार? वर लादी बसलीय.

कुणालीताई


मोहटेप
३० जून २०२५

कुणाली,

तू लिहितेस का घर काकूचं असं कुठं लिहिलंय दाखव. नाय लिहिलंस. एक अक्षर खोटं नाय. खोटं बोलली असतीस तर बरं होतं, निदान कडाकडा भांडता आलं असतं. मी इचारलेलं सोडून तू बाकी सगळं लिहीत ऱ्हायलीस. मी काकूचं घर, काकूचं घर म्हणून नाचत होते आणि तू ते वाचून घडी घालून ठेवत होतीस.

रीत ठाऊक नव्हती असं तू लिहिलेलं नायस, ते पण बघितलं मी. दगड काढून दे म्हणून बाळीमावशीला कळतं आणि तिच्या लेकीला कळत नाय? डिसेंबरात नसेल ठाऊक एकवेळ. पण मी फोड करून लिहिलं त्याच्यानंतर तर ठाऊक होतं. फेब्रुवारीत मला ‘आमचं घर’ बोलायला शिकवलंस, ‘काकूचं’ बोलू नको बोललीस. उशिरा कळलं बोलतेस. कोनाला सांगतेस?

आपल्या माणसाने एखाद दिवस उपाशी ठेवलं तर पोट इसरतं. भर उन्हात हंडे वाहणारी बाई तुला दिसली नाय, त्याचं काय करू? तू एकदा येऊन बोलायचं होतंस, काकू, हे घर शेठचं आहे. आमी तरी बांधलं असतं गो, शिकायचं होतं आमाला! मजूर म्हणून बांधलं असतं. घरातली म्हणून नसतं बांधलं.

भातसानगरला आमी जातो. ठेकेदाराला मी आणि अनिता जाऊन स्वतः भेटलो, तुझं नाव घेतलं नाय. काम चांगलं येतं आमाला. ते तुमच्या कोर्सने दिलं, मी नाय म्हणत नाय, मी तुझ्यासारखी गाळून लिहीत नाय. पण इथं आमच्या घरांना जागा कोनती, कधी, कोनी सांगत नाय. भिंत बांधता येते आणि उभी करायला हातभर जमीन नाय. कोर्स काढायच्या आधी हे तुमच्यातल्या कोनाच्याच ध्यानात आलं नाय का?

काकूने झाडलोटीचं काम घेतलं. मी जीव तोडून भांडले, आईसुद्धा बोलली नको जाऊ. ऐकली नाय. पाऊस लागला तशी रोज सकाळी वर जाते, लादी पुसते, खिडक्या पुसते आणि दार ओढून ओट्यावर बसते. आत बसत नाय. शनिवारी गाडी आली का खाली शेडीत येते.

काल मी तिच्यापाशी जाऊन बसले. बोलले, काकू, तुला कळतंय ना का हे घर आपलं नाय? मला वाटलं तिचं डोकं फिरलं. ती बोलली, ‘मला कवाच कळलं गो. गाडीला छप्पर बांधाया घेतलंत तवा. माज्याकडं गाडी कुठाय?’

मी बोलले, मग तवाच का बोलली नायस? पाणी कशाला मारत ऱ्हायलीस?

‘बोलली असती तर तुमी थाप्या टाकून दिल्या असत्या. पोरींचं शिकणं अर्धं ऱ्हायलं असतं. भितीला पाणी नाय तर भिंत कच्ची, मंग मिस्त्री तुमालाच बोलला असता.’

आणि गाठोडं? गाठोडं घेऊन कशाला आली होतीस मग?

तर बोलली, ‘वाटलं, पाया माज्या हातचा. एक दीस तरी आत बोलावतील, भात शिजवू देतील.’

तुझ्यासाठी तिने निरोप सांगितलाय. पोचवीन म्हणून कबूल झाले, म्हणून लिहिते. ‘कुणालीला सांग, माजा राग नाय. पोरीची नोकरी पक्की झाली का इचार.’

निरोप पोचला. तिने तुला माफ केलं, ते तिचं मन. मी केलेलं नाय.

रंजिता